गोठ्यामागचं कैलाचं झाड

हिमाचलहून परत आल्यावर जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी पहिलं विचारलं ते बर्फाचं. बर्फ लांबून दिसला. सकाळी शिखरांवर दुधावरच्या सायीसारखा पसरलेला असायचा आणि दुपारी ढगात बुडून जायचा. पण मला डोळे मिटले की बर्फ दिसत नाही. एका गोठ्यामागचं उंच झाड दिसतं आणि त्याच्या अंगाखांद्यावरून खाली उतरणारं धुकं दिसतं. ते झाड आता तिथं नाही. म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

आमची मुलगी गिरिजा झाडांच्या रोगांचा अभ्यास करते. हिमाचलात एका डोंगरगावाजवळच्या संशोधन केंद्रात ती कामाला आहे. माझं माहेर अक्कलकोटकडचं, घरची बोली कानडी. ह्यांचं गाव मोडनिंब. तिथं आमची डाळिंबाची बाग आहे आणि हे अजून मोटरसायकलवरून बागेत जाऊन येतात. त्यामुळे गिरिजा मला अव्वा म्हणते, ह्यांना अप्पा. दिवाळीलासुद्धा तिचं येणं झालं नव्हतं. मे महिन्यात सोलापुरात घरातल्या भिंती हाताला गरम लागायला लागल्या तेव्हा तिचा फोन आला, "आता तुम्हीच या."

ह्यांनी लगेच होकार दिला, पण त्यामागं त्यांचा एक बेत होता. सोलापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्राची जागा निघणार होती. ह्यांनी ओळखीतून बोलून ठेवलं होतं. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरताना मला म्हणाले, "तिला घिऊनच येऊ की. लई दिवस झालं डोंगरात ऱ्हाऊन."

मला तरी दुसरं काय हवं होतं?

ढगातलं गाव

गाडीचा प्रवास सांगत बसत नाही. शेवटची बस वळणं घेत वर वर जात राहिली, आणि उतरलो तेव्हा आम्ही ढगात उभे होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात लांबचंही लख्ख दिसतं. इथं समोर आलेली गिरिजासुद्धा आधी आवाज म्हणून आली, मग सावली म्हणून, आणि मग माझ्या गळ्यात पडली तेव्हा माझी मुलगी झाली. वाळली होती. गाल मात्र लालबुंद.

ती राहते ते घर लाकडी, वर पातळ दगडी पाट्यांचं छप्पर. घरमालकीण बिमला, माझ्याच वयाची, नवरा वारलेला, सफरचंदाची बाग एकटीनं सांभाळणारी. तिनं आम्हाला चुलीजवळ बसवलं आणि सिड्डू वाढला. गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचा, आत अक्रोडाचं सारण घालून वाफवलेला गोळा, त्यावर तूप. मी आमची शेंगाचटणी पुढं केली. बिमलानं चिमूटभर तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं परत हात पुढं केला. तिथूनच आमचं जमलं.

चहाचा कप घेऊन हे मागच्या अंगणात गेले. धुकं जरा विरळ झालं होतं. गोठ्याच्या मागं, उतारावर, ते झाड उभं होतं. तिकडे त्याला कैल म्हणतात. पाइनचाच एक प्रकार, लांब सुयांसारखी पानं, एका जुडग्यात पाच. सरळसोट उंच. पण त्याची पानं सगळी विटकरी, भाजल्यासारखी. अगदी शेंड्याजवळ तेवढा निळसर हिरवा रंग उरला होता.

"ये झाड तो गया की," हे आपल्या सोलापुरी हिंदीत बिमलाला म्हणाले. "काट डालो."

"झाड नहीं जी, पेड़," बिमला हसली. तिच्या हिंदीत झाड म्हणजे झुडूप. मग हसू आवरून ती हळू आवाजात पुढं सांगत गेली. तिचा मोठा दीर खालच्या घरात राहतो. झाड वाळलं, उद्या गोठ्यावर पडेल, म्हणून तो कधीचा मागं लागला होता. तोडायची परवानगीसुद्धा निघाली होती. पण गिरिजानं सांगितलं, नवी पालवी येईपर्यंत थांबा, झाड मेलेलं नाही. बिमलाला त्या झाडाचा लळा होता. त्याच्या गळलेल्या पानांची मऊ गादी ती वर्षानुवर्षं गाईखाली पसरत आली होती. तिनं गिरिजाच्या शब्दावर दिराला थांबवलं. आता गावात सगळे विचारत होते, मॅडमचं झाड कधी जिवंत होणार?

हे ऐकताना मी लेकीकडे पाहत होते. ती वर शेंड्याकडे बघत होती.

सुईएवढ्या पानात

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला तिच्या रोपवनात घेऊन गेली. वाट पाइनच्या वाळक्या पानांनी झाकलेली, दिसायला गालिचा, पण पायाखाली तेलासारखी निसरडी. हे मोडनिंबच्या काळ्या रानातल्या चालीनं निघाले आणि दोनच वळणांनंतर बसकण मारून चांगले लांबवर घसरत गेले. एका झुडपानं अडवलं. उठून आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. नंतर निमूटपणे लेकीचा हात धरून चालले.

रोपवनात वेगवेगळ्या डोंगरांवरच्या झाडांच्या बियांपासून केलेली कैलाची रोपं होती. काही तपकिरी झालेली, काही हिरवी, आणि दोन्ही शेजारी शेजारी. गिरिजानं एक पान तोडून माझ्या हातात दिलं आणि डोळ्याला भिंग लावायला सांगितलं.

भिंगातून ते पान केवढं मोठं झालं! त्याच्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा होत्या, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या नीट.

"ती पानाची श्वासाची छिद्रं," गिरिजा म्हणाली. "प्रत्येकावर मेणाचं बूच आहे, बघ. सगळ्या पानावरच मेण आहे. पाणी टिकू नये म्हणून. बुरशीचा कण पानावर पडला तरी रुजायला त्याला ओल लागते, तासन् तास. पान लवकर सुकलं की तो तिथंच मरतो."

"मग हितं तर सदा ओलच हाय की," हे म्हणाले.

"म्हणूनच तर रोग आहे, अप्पा. इथं धुकं उठत नाही. मग बुरशीला आत शिरायला वाट मिळते."

तिनं दुसरं पान दिलं. मध्यावर एक गडद आडवा पट्टा होता, त्याच्या दोन्ही बाजूंना पान हिरवं. मला वाटलं हाच रोग. ती म्हणाली, रोग ह्या पट्ट्यात आहे, पण पट्टा झाडानं केला आहे. बुरशी आत आल्याची चाहूल लागली की तिच्याभोवतीच्या पेशी स्वतः मरतात. मरताना तुरट, कडू द्रव्यं साठवून ठेवतात, भिंती जाड करतात. बुरशी त्या कोंडीत अडकते. पानात राळेच्या बारीक नळ्या असतात, तिथली राळही बुरशीला मानवत नाही. आणि एवढं करूनही बुरशी पुढं सरकलीच, तर झाड ते पानच सोडून देतं.

हे ऐकून ह्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे आपण डाळिंबाची पानगळ करतो तसं!"

आमच्याकडे बहर धरायच्या आधी बागेचं पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानं गाळतात, मग नवी पालवी आणि फूल एकदम येतं.

"थोडंसं तसं," गिरिजा म्हणाली. "पण डाळिंबाला पुन्हा पालवी लगेच येते. ह्याला वर्षातून एकदाच. फार पानं सोडली तर खाणार काय? लढण्यात ताकद जाते, मग वाढ खुंटते. हे हिरवं रोप बघा, ह्याला रोग चढत नाही. पण उंचीला शेजारच्यापेक्षा कमी आहे."

"औषध का मारत न्हाईस?" ह्यांचा खरा प्रश्न शेवटी आला. डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या भीतीनं पाऊस उघडला की पंप पाठीवर घेणारा माणूस तो.

गिरिजानं समोर हात केला. धुक्याच्या फटीतून डोंगरामागं डोंगर, सगळे कैलाच्या झाडांनी भरलेले. "एवढ्यावर कोण मारणार, अप्पा? कोणतं झाड स्वतःच्या बळावर तगतं ते मी शोधते आहे. त्याचं बी पुढं लावता येईल."

वारा आला आणि सगळ्या डोंगरातून एक लांब, खोल सुस्कारा फिरत गेला. पाइनमधून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज पाण्यासारखा असतो. मला झोपेत वाहत असल्यासारखं वाटलं. ह्यांनी कॉलेजची गोष्ट त्या दिवशी काढायची ठरवली होती. परतताना मी विचारलं तर म्हणाले, "उद्या बघू."

पिवळे दिवस

पुढचे दिवस मला एकमेकांपासून वेगळे आठवत नाहीत. कैलाचा मोहोर उघडला होता. वारा सुटला की झाडांतून पिवळी पूड धुरासारखी उठायची आणि हवेत तरंगत राहायची. ओट्यावर, बिमलाच्या केसांवर, चहावरसुद्धा तिचा पातळ थर यायचा. मी पहिल्यांदा बशी फुंकली, नंतर तशीच प्यायला लागले.

बिमला आणि मी राजमा निवडत बसायचो. हे तिच्या बागेत फिरायचे. सफरचंदं तेव्हा गोटीएवढी होती. बिमला पानांवरच्या डागासाठी फवारणी करते हे कळल्यावर ह्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. कोणतं औषध, केव्हा, पाऊस आल्यावर पुन्हा का, दोघं हातवारे करून तासभर बोलायचे. ह्यांच्या "हौ" आणि "नक्को"वर ती खूश. ती स्वतःच "नक्को" म्हणायला लागली.

पण रोज सकाळी, चहा होण्याच्या आधी, गिरिजा गोठ्यामागं जाऊन मान वर करून उभी राहायची. मी एकदा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कानडीत विचारलं, "नाही आली पालवी तर?"

"तर बिमला चाचीला दिरापुढं मान खाली घालावी लागेल," ती कानडीतच म्हणाली. "माझ्यामुळे."

तिनं खालची एक डहाळी वाकवून टोकाचा मिटलेला कोंब नखानं फोडला. तपकिरी पापुद्र्याच्या आत ओला, पोपटी रंग होता. "रोग पानाला आहे, अव्वा, कोंबाला नाही. पण सबंध वर्ष पानांविना काढल्यावर कोंब फुटायला ताकद उरली आहे का, हे मला माहीत नाही."

मग एका सकाळी बिमलाच्या हाकेनं मी जागी झाले. ती दुधाची बादली तशीच हातात घेऊन अंगणात उभी होती. विटकरी फांद्यांच्या टोकांवर मेणबत्त्यांसारखे फिके कोंब उभे राहिले होते, एकावर नव्हे, सगळ्या झाडभर. त्यातून पानांची टोकं बाहेर डोकावत होती. हे टोपी काढून बघत राहिले. दीर खालून आला, बराच वेळ बघून म्हणाला, "मॅडम बरोबर बोलली." गिरिजा हसली आणि तिनं पटकन तोंड फिरवलं. ती रडत होती.

गारा

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी आभाळ काळंनिळं झालं. बिमला बागेवरच्या जाळ्या ताणायला धावली, आम्ही तिच्या मागं. मध्येच गारांनी गाठलं. सोलापुराकडेही गारा पडतात, पण हा मारा वेगळा होता. दगडी छपरावर असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आम्ही ओसरीत शिरलो तेवढ्यात मागून मोठ्ठा कडाका झाला.

कैलाची एक जाड फांदी गोठ्यावर कोसळली होती. छप्पर एका बाजूनं खचलं होतं आणि आत गाय हंबरत होती. कुणी काही म्हणायच्या आत हे गारांतून पळत गेले. बिमला, गिरिजा आणि मी दाराशी. आत अंधार, धूळ, वासा आडवा पडलेला आणि गाय त्याच्यामागं कोपऱ्यात. हे तिच्याशी मोडनिंबच्या मराठीत बोलत होते, "हो हो माय, हिकडं बघ, हिकडं." हिमाचलची गाय, पण ऐकत होती. वासा बिमलानं आणि गिरिजानं उचलून धरला आणि ह्यांनी गाईला शिंगाला धरून बाहेर काढलं. तिच्या पाठीवर खरचटलं होतं, बाकी काही नाही. ह्यांच्या कपाळावर गारेचं टेंगूळ.

गारा थांबल्यावर लोक गोळा झाले. "गारांपुढं कुणाचं चालतं," असं एकमेकांना म्हणत होते. वरच्या फांद्यांवरचे कोंब धुऊन निघून चमकत होते. मॅडमला कुणीही बोल लावला नाही.

गिरिजा मोडलेल्या फांदीपाशी वाकली होती. मी जवळ गेले. फांदी जिथून तुटली तिथं बाहेर लाकूड पिवळं, ओलं, राळेच्या वासाचं होतं. आत मात्र तपकिरी भुसा. तिनं बोट घातलं तर चुरा खाली पडला. ती उठली, चढून झाडाच्या मागच्या बाजूला गेली. तिथं अंगाला लागली की आग होते असली झुडपं माजलेली होती. तिनं ती काठीनं बाजूला केली. बुंध्याला खाली एक जुनी जखम होती, राळेनं माखलेली, आणि तिच्यातून फळीसारखी एक कडक बुरशी बाहेर आलेली. गिरिजानं काठीनं बुंध्यावर ठोकलं. आवाज ढोलासारखा आला.

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"काय झालं गं?" ह्यांनी विचारलं.

"ही बुरशी वेगळी आहे, अप्पा. पानांची नाही. आतलं लाकूड खाणारी. किती वर्षांपासून असेल. मी फक्त वर बघत राहिले. मागं येऊन बुंधा बघितलाच नाही."

खाली लोक अजून होते. ह्यांनी तिचा दंड धरला, आवाज दाबून म्हणाले, "आता गप बस की. झाडाला पालवी आलीया, समद्यांनी बघितली. फांदी गारानं मोडली असंच म्हणत्यात लोक. आपणहून का सांगतीस?"

"ह्याच झाडाखाली चाची रोज दूध काढते, अप्पा."

ती उतरली आणि बिमलासमोर उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चाचीजी, झाड तोडावं लागेल."

बिमलाला आधी समजलंच नाही. "तूच म्हणालीस ना, जिवंत आहे?"

"जिवंत आहे. पानांचा रोग त्यानं परतवला. पण बुंधा आतून पोकळ होत चालला आहे. मी आधीच तपासायला हवा होता. चूक माझी."

पागोळ्या गळत होत्या. बिमलानं झाडाकडे बोट केलं. "सगळ्या गावाशी भांडले मी त्याच्यासाठी," ती म्हणाली. "आज माझी गाय गेली असती." ती घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्या रात्री सिड्डू नाही, राजमा नाही. आम्ही वरच्या खोलीत कडक भाकरी दुधात बुडवून खाल्ली. गिरिजानं खाल्लीच नाही.

उतारावर

तोडणारे आले. दोर बांधून त्यांनी झाड वरच्या उताराकडे ओढून पाडलं. पडताना आवाज झाला तो मी ऐकला, आणि त्यानंतरची शांतता जास्त ऐकू आली. पिवळी पूड उठून सगळ्या अंगणावर हळूहळू खाली बसली. राळेचा वास इतका दाटला की जिभेवर चव यायला लागली. खोडाच्या मध्यभागी दिराचा हात कोपरापर्यंत आत गेला. तो हात बाहेर काढून त्यानं बिमलाला दाखवला. तिनं पाहिलं आणि ती घरात गेली.

गिरिजा दिवसभर आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांत बसून होती, खालची, मधली, शेंड्याजवळची पानं वेगळी करत. हे तिच्याजवळ जाऊन बसले. मी ओट्यावरून बघत होते. ती प्रत्येक पान उजेडाकडे धरायची, ह्यांच्या हातात द्यायची आणि हे ते ज्या त्या ढिगात ठेवायचे. शेंड्याकडच्या पानांत पट्टे अगदी बारीक होते. वर वाऱ्यात पान लवकर सुकतं, तिथं झाडाला लढायला उसंत मिळाली होती.

संध्याकाळी बिमला बाहेर आली. दोन दिवस ती आमच्याशी कामापुरतंच बोलली होती. तिनं गिरिजासमोर एक लाकडी हातोडी ठेवली.

"बागेच्या बांधावर माझी आणखी कैलं आहेत," ती म्हणाली. "घराकडे झुकलेली. चल, बघून दे. मागून पण बघ."

गिरिजा उठली. दोघी बांधावरून चालत गेल्या, एक पुढं, एक मागं, आणि धुक्यातून ठोकल्याचा आवाज येत राहिला. टक, टक. थांबून पुन्हा टक, टक. हे बराच वेळ ऐकत बसले.

"कॉलेजचं काढणार होता ना?" मी विचारलं.

"कुणाला इचारू?" ते म्हणाले. "तिला वेळ कुटं हाय."

निघायच्या दिवशी पहाटेच वरच्या वस्तीवरनं एक माणूस गिरिजाला बोलवायला आला. त्याच्या घरावर एक कैल झुकलं होतं आणि मॅडमनं बघावं असं त्याला वाटत होतं. ती आमच्या पाया पडली, माझ्या कानात "अव्वा, पोचल्यावर फोन कर" म्हणाली आणि धावतच गेली. बिमलानं आम्हाला बसपर्यंत पोचवलं. ह्यांच्या हातात अक्रोडांची पिशवी दिली आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले, बस हलेपर्यंत.

बस खाली उतरायच्या आधी वरच्या वस्तीला वळसा घालते. तिथं धुकं फाटलं तेव्हा गिरिजा मला दिसली. रस्त्याच्या कडेच्या एका जाड बुंध्याला तिनं कान लावला होता. डोळे मिटलेले. बसचा आवाजही तिला ऐकू येत नव्हता. मी खिडकीची काच सरकवली आणि हाक मारायला तोंड उघडलं.

ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हाक मारू नगंस," ते म्हणाले. "ती ऐकतीया."